कुकडटोल्यास भागाकार पुरा जाहला त्याची हकीकत

श्री शारदा प्रसन्न. खडू व फळा प्रसन्न. आणि ज्याची मर्जी राखल्यावाचून हल्ली शाळेत पान हालत नाही, तो मोबाईलही प्रसन्न असावा.

मौजे कुकडटोला, नागभिडाहून सिंदेवाहीकडे जाता मध्येच सडक सोडून जंगलात शिरावे लागते तो गाव, तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत कार्तिकमासी मोठे रणकंदन माजले. ऐसे रण पूर्वी कोणी पाहिले नाही आणि पुढे कोणी खरे मानणार नाही. त्यात मनुष्यहानी जाहली नाही. खिचडी मात्र बुडाशी करपून कामास आली. त्याची हकीकत साद्यंत लिहून ठेवावी ऐसा गावातील मातब्बर मंडळींचा आग्रह पडला, म्हणोन लिहिणे भाग आले. लिहिणार पदरचे काही घालीत नाही. थोडे फुगवितो, पण तो या धंद्याचा रिवाजच आहे, त्यास कोणी नाक मुरडू नये.

तरी प्रथम किल्ल्याचे वर्णन ऐकावे. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे खिचडीचा मुदपाकखाना, अंगणात बोरिंग, आणि बोरिंगजवळ जुने मोहाचे झाड, आणि झाडाच्या बुंध्याशी वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड. या झाडाखाली उभे राहून मान अंमळ डावीकडे कलती धरिली तर मोबाईलास नेटवर्क लाभते. बाकी अवघा गाव त्या बाबतीत कोरडा ठणठणीत. किल्लेदार म्हणाल तर अखंडित-माहिती-अलंकृत राजमान्य राजेश्री रीताबाई मास्तरीण, राहणार नागभीड, रोज स्कूटी नामे अश्वावर स्वार होऊन, डबा व छत्री व खडूंची पेटी ऐसा सरंजाम घेऊन, जंगलातून मजल मारीत येणार. दुसरे सरदार हेमराज सर प्रशिक्षणाच्या मोहिमेवर गेले होते, आणि ते एका प्रशिक्षणाहून परतू लागले की वाटेतच दुसरे प्रशिक्षण त्यांस गाठी आणि धरून नेई. तेव्हा पहिलीपासून चौथीपर्यंत सारी फौज एकट्या बाईंच्या हाताखाली. फौज बहुत गुणी. अधूनमधून शेंबूड पुसावा लागे, पण फौज गुणी.

आता गनीम. बाप्पा, गनिमाचे काय सांगावे! गनीम घोड्यावरून येता तर बाईंनी त्यास उभा चिरला असता. हा गनीम व्हॉट्सअॅप नामे दरबारातून येई. पहाटे दूध तापवू जावे तो खलिता हजर: शाळेच्या शौचालयाची तसबीर पाठविणे, आणि ती नकाशासहित पाठविणे. ती पाठवावी तो दुसरा हुकूम: आवारातील झाडे मोजून कळविणे. झाडे मोजावी तो तिसरा: मुलांची वजने पाठविणे. वजने पाठवावी तो चौथा: पाठविलेली वजने पुन्हा पाठविणे, कारण पहिली कोणी उघडून पाहिली नाहीत. प्रत्येक हुकमाच्या कपाळी 'तात्काळ' ऐसा शिक्का, आणि ज्याची काडीमात्र घाई नाही त्याच्या कपाळी 'अति तात्काळ'. त्यातून वेळ उरला तर मुलांस शिकवावे, ऐसी वहिवाट पडली होती. पण वेळ उरेल तो कोणत्या झाडाखाली, हे एकाही फर्मानात लिहिलेले नव्हते.

आणि मग या रणाच्या आदले दिवशी अनर्थ जाहला.

बाई मोहाच्या झाडाखाली, मान डावीकडे कलती धरून, वजनांची माहिती दरबारी रवाना करीत होत्या, आणि पडद्यावर ते गोल चक्र गरगर फिरत होते, आणि आता जाते, आता जाते, ऐसा जीव मुठीत धरून बाई उभ्या होत्या. इतक्यात तिसरीतली बुधरी पाटी घेऊन आली. बुधरी म्हणजे काळीसावळी, दोन वेण्यांची, बोलेल तेव्हा दणदणीत बोलणारी पोर. तिने बाईंचा पदर ओढून पुसिले, "बाई, वाटून वाटून जे उरते, त्याचं काय करायचं?"

प्रश्न पाहाल तर अव्वल दर्जाचा. भागाकार शिकणाऱ्या पोराने हा प्रश्न विचारावा म्हणोन मास्तर लोक देवास नवस बोलतात. पण पदर ओढला त्याने मान हालली, आणि मान हालली त्याने नेटवर्क गेले, आणि अवघ्या शाळेची वजने अर्ध्या वाटेत जंगलात पडली. तेव्हा बाईंच्या मस्तकात तिडीक गेली आणि तोंडून निघाले, "जाय, जाग्यावर बस! तुमच्या कटकटीनं डोक्स फुटून राह्यलं माह्यं!"

बुधरी गेली. जागेवर बसली. त्या दुपारी खिचडीचे ताट तिने पालथे घातले आणि जेवली नाही.

हे पाहून बाई तांदळाच्या कोठाराच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतले, आणि पोत्यास टेकून पदरात तोंड खुपसून रडल्या. मनी ऐसे आले की, आपण फळ्यापुढे उभे राहण्याच्या हौसेने मास्तरीण जाहलो, आणि आज पोराने प्रश्न पुसला तर आपणास त्या पोराचा राग येतो! मग आपल्यात मास्तरीण म्हणण्याजोगे उरले काय? तेवढ्यात मुदपाकखान्याच्या अधिपती आशाबाई, शाळेची खिचडी शिजविणार, दुसऱ्या दिवसाचे तांदूळ काढावयास आत आल्या. बाईंस पाहिले. आल्या तशा मागल्या पावली फिरल्या, आणि बाहेर जाऊन रिकामे पातेले उगाचच दाणदाण वाजवीत बसल्या, की रडण्याचा आवाज पोरांच्या कानी जाऊ नये.

त्याच संध्याकाळी आणखी एक मसलत उपस्थित जाहली. केंद्रप्रमुख दिनेशराव, ज्यांचा आसपासच्या शाळांवर अंमल चालतो, यांचा बाईंस फोन आला. दिनेशराव मनाने वाईट नव्हेत. वरून जो मार बसे तो खाली पोचता करणे एवढेच त्यांच्या नशिबी. ते म्हणाले, "मॅडम, तुमची माहिती नेहमी वेळेत असते. तालुक्याच्या कचेरीत माणूस पाहिजे. पंखा आहे, नेटवर्क आहे, पोट्टे नाहीत. उद्या शाळेवर येतो, होय का नाही ते सांगून द्या."

बाईंनी हे तीन बोल रात्री उशाशी घेतले. पंखा आहे, बरे वाटले. नेटवर्क आहे, फारच बरे वाटले. पोट्टे, म्हणजे पोरे, नाहीत, येथे काळजात काहीतरी टोचले, पण काय ते नीट कळेना. मग सकाळी स्कूटीच्या आरशात स्वतःस पाहून बाईंनी प्रतिज्ञा केली की, आज तिसरीस भागाकार शिकवीन, आरंभापासून शेवटापर्यंत, मध्ये न तुटता, आणि बुधरीच्या प्रश्नाचे उत्तर देईन. हे साधले तर मी मास्तरीण. न साधले तर दिनेशरावांस होय म्हणेन आणि पंख्याखाली जाऊन बसेन. ऐसा पण करून बाईंनी किल्ली फिरविली आणि कूच केले.

किल्ल्यात दाखल होताच पहिली तजवीज मोबाईलाची. बाई मुदपाकखान्यात गेल्या आणि तो जुलमी आशाबाईंच्या स्वाधीन केला. आशाबाईंनी त्यास दोन बोटांत मेल्या उंदरासारखा धरिला आणि म्हणाल्या, "द्या इकडे. तांदळाच्या कोठीत गाडून ठेवीन, बोंबलू द्या त्याले. तुमी शिकवा बाई. बाहेरचं मी पाहून घेईन."

बाहेरचे म्हणजे काय पाहणार, हे बाईंनी पुसले. आशाबाईंनी उत्तरादाखल खिचडी हलवायचा लांब दांड्याचा सराटा उचलून खांद्यावर टाकिला, एवढेच. बाईंस वाटले, सराटा धुवावयास नेत असतील.

मग रण सुरू जाहले. बाईंनी चटईवर चिंचोक्यांची पिशवी रिती केली. हे चिंचोके सासूबाईंच्या खास खजिन्यातले, घासून चकचकीत केलेले. तेवीस चिंचोके मोजून काढिले आणि हुकूम दिला की, तिसरीच्या चौघांनी पुढे यावे आणि हे आपसात सारखे वाटावे. दुसरे चौघे आले. पण बुधरी आली नाही. ती मागल्या भिंतीशी, फळ्याकडे पाठ करून, खिडकीतून बाहेर पाहत बसली होती. बाईंनी तिचे नाव घेतले. पाठ हालली नाही. पाठीवरच्या दोन वेण्याही हालल्या नाहीत. अहाहा, काय ते रुसणे! मोठमोठे सरदार रुसून जहागिरीवर जातात, पण त्यांसही इतकी ताठ पाठ साधत नाही.

बाईंनी मनातले दुःख गिळून वाटप आरंभिले, तोच दूरवरून भोंगा ऐकू आला. तालुक्याहून 'हात धुवा' पथकाची स्वारी निघाली होती: टेम्पो, त्यावर कर्णा, कर्ण्यात गाणे, मागे फलक, फलकामागे तसबिरी काढणारा. ही स्वारी ज्या शाळेत शिरे, तेथे अवघ्या फौजेस बोरिंगवर उभी करून हात धुवायला लावी, आणि तसबीर नीट आली नाही म्हणोन पुन्हा धुवायला लावी, आणि दुपार पाण्यात जाई. गाणे जवळ आले. मुले चुळबुळू लागली. बाईंनी मनात म्हटले, संपले, भागाकार बुडाला. आणि पाहता पाहता काय चमत्कार! बोडीच्या वळणावर, म्हणजे गावाबाहेर जे लहान तळे आहे त्याच्या पाळीशी, टेम्पो थांबला, गुरगुरला, आणि गाणे उलटे जाऊ लागले. मग बारीक जाहले. मग नाहीसे जाहले. बाई खडू हातात धरून आवाजाच्या दिशेने पाहत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, असो, चौघांत पाच पाच.

हे पहिले संकट टळते न टळते तो मागील दाराने दुसरे आत शिरले. शाळा समितीचे अध्यक्ष मुखरूभाऊ, वयोवृद्ध, गावात सर्वांस पूज्य, आणि एकदा बसले की उठवावयास हत्ती लागावेत ऐसी कीर्ती. भाऊंनी पागोटे मांडीवर ठेविले, चटईवर बैठक मारिली आणि आरंभ केला, "बाई, आमच्या बांधीतला धान यंदा कसा झाला, सांगतो मी तुमाले."

रीताबाईंस पूर्वानुभव होता. भाऊंचा धान, म्हणजे त्यांच्या भातशेतीची कथा, पेरणीपासून सुरू होतो आणि मळणीपर्यंत येईतो शाळा सुटते. एरवी बाई भिडेस्तव ऐकत राहिल्या असत्या. पण आज प्रतिज्ञा होती. बाईंनी पुढे होऊन तेवीस चिंचोके पुन्हा गोळा करून अध्यक्षांच्या ओंजळीत ओतिले आणि म्हणाल्या, "भाऊ, धान मंग सांगा. पयले हे या चौघांत वाटून द्या, बराबर. तुमच्यासारखा वाटणारा गावात दुसरा नाई."

स्तुती ऐसी वर्मी बसली की भाऊ धान विसरले. बाह्या सावरून, वडिलार्जित जमीन वाटावी तशा गांभीर्याने वाटू लागले. पण त्या चौघांत एक त्यांची नात दिव्यानी होती, आणि आजोबाच्या बोटांस माया सुटली, आणि नातीच्या पुढ्यात सहावा चिंचोका हळूच पडला. झाले! अवघी फौज खवळली. "आबानं दिव्यानीले जास्त देल्ला! आबानं घपला केला!" पहिलीची ज्यांना मोजताही येत नव्हते तीही पोरे आरडू लागली. दिव्यानी तर आजोबाच्याच पागोट्यास हात घालून म्हणाली, "आबा, बराबर वाटा ना जी! मायी इज्जत चालली!" अध्यक्षांनी खोकून खोकून सहावा चिंचोका परत घेतला आणि म्हणाले, डोळ्याले कमी दिसते मले.

या गर्दीत तिसरे संकट. दिनेशरावांची फटफटी! तिचा खोकला बाईंस दोन कोसांवरून ओळखू येई. बाईंनी खडू खाली ठेविला. म्हटले, आले, उत्तर मागावयास आले, आणि माझा भागाकार अजून चटईवर अर्धा पडला आहे. फटफटी वळणापाशी आली. थांबली. काही क्षण खोकली. आणि मग ऐसी सुसाट उलट्या दिशेस पळाली की गावातली कोंबडी ओरडत छपरावर चढली. बाईंस काही उमगेना. आज सारे जग वळणावरून माघारी का फिरते? पण लढाईत मिळालेल्या फुरसतीचे कारण विचारीत बसणारा सेनापती मूर्ख. बाईंनी खडू परजला.

तर आता वाटप सारखे जाहले. चौघांपुढे पाच पाच. आणि मुखरूभाऊंच्या ओंजळीत तीन उरले. भाऊंनी ते तीन चिंचोके निरखून पाहिले, आणि कोणास कळण्यापूर्वी आपल्या सदऱ्याच्या खिशाकडे नेऊ लागले.

"काय करून राह्यले, भाऊ?" बाईंनी पुसिले.

भाऊ म्हणाले, "काय म्हणजे? उरलेले वाटणाऱ्याचे. असाच रिवाज आहे."

तेव्हा मागल्या भिंतीशी वीज कडाडली. बुधरी उठली. दोन वेण्या उडवीत, मध्ये बसलेल्या पोरांच्या पाठीवरून जवळजवळ धावत, ती थेट अध्यक्षांपुढे येऊन उभी ठाकली, आणि तिने त्यांची मूठ धरली. "नाई! उरलेले बाईचे! चिंचोके बाईनं आणले. साऱ्याइले भेटले, बाईले काईच नाई भेटलं. तिले कोणी काई देतच नाई!"

 मुखरूभाऊंनी निमूट मूठ उघडिली. बुधरीने तीन चिंचोके घेतले आणि बाईंच्या हातावर ठेविले, आणि मग आपण रुसलो आहो हे आठवून मान खाली घातली.

रीताबाई फळ्याकडे वळल्या. फळ्यावर पुसण्याजोगे काही नव्हते, तरी बराच वेळ पुसीत राहिल्या. फौजेपुढे सेनापतीने रडू नये ऐसा दंडक. पण दंडक करणाऱ्यांनी बुधरी पाहिली नसावी. शेवटी बाई वळल्या, खाली चटईवर बसल्या, आणि म्हणाल्या, "बुधरी, काल तुह्यावर ओरडली ना मी, ते माह्यं चुकलं. तुह्या प्रश्नाचा राग नव्हता मले. तुहा प्रश्न लय चांगला होता. त्याचंच उत्तर आज सांगतो साऱ्याइले."

आणि मग बाईंनी जो भागाकार शिकविला, तो लिहावयास शाई पुरणार नाही. तेवीस चौघांत, तेवीस पाचांत, तेवीस सहांत. चिंचोके फिरले, पाट्या भरल्या, पुसल्या, पुन्हा भरल्या. जे उरते ते टाकून द्यायचे नाही, लपवायचे नाही, खिशात घालायचे तर मुळीच नाही. बाजूस नीट लिहून ठेवायचे, त्याचे नाव बाकी. आणि उरलेले सारखे वाटून संपतील इतकेच घेणारे पुढे भेटले तर तेही वाटून टाकायचे. चौथीची मुले आपले काम सोडून इकडे सरकली. दुसरीचा एकजण मध्येच ओरडला की त्यालाही समजले, आणि खरोखरच समजले होते. मुखरूभाऊ दिव्यानीच्या पाटीवर वाकून बोटांवर मोजीत म्हणू लागले की, आमच्या वेळेस असे शिकवले असते तर मीही तलाठी झालो असतो. आणि बुधरीने सत्तावीस भागिले चार स्वतः केले, आणि तीन उरले ते बाजूस लिहिले, आणि पाटी इतकी उंच धरिली की मागच्यांस बुधरी दिसेना. त्या घटकेस रीताबाईंस कळले की काल रात्री काळजात टोचत होते ते काय. सारा वेळ शाळेत असूनही त्यांस शाळेची आठवण येत होती, ते टोचत होते. भागाकार पुरा जाहला. मध्ये तुटला नाही. हा जय लिहून ठेवावा, म्हणोन हा सारा खटाटोप.

पण बखर येथे संपत नाही, कारण एवढ्यात करपल्याचा वास आला.

बाई धावत मुदपाकखान्यात गेल्या. चूल पेटती, खिचडी बुडाशी काळी, आणि आशाबाई नाहीत! आशाबाईंनी खिचडी करपू द्यावी? सूर्य पश्चिमेस उगवला असता तर एकवेळ मानिले असते. बाईंनी पातेले उतरविले, मुलांस आत बसवून दाराला आतून कडी घालण्याचा हुकूम दिव्यानीस दिला, आणि मुखरूभाऊ काठी घेऊन आणि बाई छत्री घेऊन शोधास निघाले.

बोडीच्या वळणावर, भर रस्त्यात, एका दगडावर सराटा खांद्यास लावून आशाबाई पहाऱ्यास बसल्या होत्या. बाईंस पाहून दचकल्या.

"तुमी काऊन आल्या बाई? झालं शिकवून?"

बाईंनी होकार दिला, आणि येथे कशाला, ऐसे पुसिले. तेव्हा आशाबाईंनी सराट्याच्या टोकाने माती उकरीत सारे सांगितले. "काल तुमचं रडणं पाह्यलं. मले रात्रभर झोप नाही. म्हणून सकाळी मोहाखाली वाघदेवाले हात जोडले, म्हटलं, देवा, आज तुह्यं नाव खोटं घेणार आहे, माफ करजो. आणि मग इथी येऊन बसली. टेम्पो आला तं सांगतलं, तिकडे नका जाऊ बापा, बोडीत वाघ बसला आहे, मी पाह्यला. मंग तुमचे साहेब आले. त्याइले पण तेच सांगतलं. साहेब तं असे पळाले बाई, टोपी इथीच पडली!" ऐसे म्हणून आशाबाईंनी रस्त्याकडेस पडलेली दिनेशरावांची टोपी पुराव्यादाखल दाखविली.

बाईंस हसावे की रडावे ते कळेना, म्हणोन त्यांनी दोन्ही एकदम केले, आणि आशाबाईंच्या गळ्यात पडल्या. मुखरूभाऊ म्हणाले, "आशाबाई, तू तं जबरदस्त निघाली!"

इतक्यात सडकेवर धूळ उठली. दिनेशराव पळाले खरे, पण पळता पळता कर्तव्य विसरले नाहीत. नेटवर्क लाभले त्या पहिल्याच जागी त्यांनी वनखात्यास इतल्ला दिला होता. तेव्हा वनरक्षक अकरमभाई आपले चार जवान घेऊन काठ्या आपटीत हजर जाहले, आणि त्यांच्या बऱ्याच मागे, अंतर राखून, दिनेशरावांची फटफटी. आशाबाईंचे तोंड उतरले. सरकारी माणसांस खोटे सांगितले, आता बंदीखाना, ऐसे त्यांच्या मनी आले, आणि त्या सराट्यामागे लपू पाहू लागल्या. सराट्यामागे आशाबाई लपणे शक्य नव्हते.

अकरमभाई बोडीच्या पाळीखाली उतरले. चिखलाशी वाकले. बराच वेळ वाकून राहिले. आणि मग गंभीर होऊन वर आले आणि आशाबाईंस म्हणाले, "बाई, पंजे ताजे आहेत. मोठा नर आहे. सकाळी पाणी प्यायले आला, अन् पाळीच्या पलीकडच्या झुडपात दुपारपर्यंत झोपून होता. गवत अजून दबून आहे. आत्ताच उठून गेला, आमच्या गाडीच्या आवाजानं असेल. तुमी कुठी उभ्या होत्या?"

आशाबाईंनी दगडाकडे बोट केले. झुडूप तेथून हाकेच्याही अलीकडे होते. लिहिणाऱ्याने स्वतः जाऊन पाहिले आहे. मग आशाबाई त्याच दगडावर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, "मायं गे! मी तं खोटं बोलली होती!"

येणेप्रमाणे वाघदेवाने आपल्या भक्ताचा शब्द खाली पडू दिला नाही, ऐसा मुखरूभाऊंनी तेथेच निवाडा दिला. अकरमभाईंनी हुकूम काढिला की, संध्याकाळी मुलांस आमची माणसे घरोघर पोचवतील, आणि बोडीकडे चार दिवस कोणी एकटे फिरकू नये. आशाबाईंस दोन्ही बाजूंनी धरून शाळेत आणिले. पाणी पाजिले. त्या शुद्धीवर येताच पहिला प्रश्न खिचडीचा केला, आणि ती करपली हे ऐकून वाघाहून जास्त हळहळल्या.

दिनेशरावांनी मात्र पंज्याची तसबीर काढून घेतली होती. ती दरबारी रवाना करण्यासाठी ते मोहाच्या झाडाखाली गेले आणि मान डावीकडे कलती करून, वाघदेवाच्या पुढ्यात, हात वर धरून उभे राहिले. तसबिरीखाली त्यांनी लिहिले: कुकडटोला शाळेत व्याघ्र जनजागृती. क्षणात दरबारातून उत्तरे कोसळली: खूप छान उपक्रम, अभिनंदन, नावीन्यपूर्ण, आणि अंगठे तर मोजता येईनात. एकानेही वाघ कोठे आहे ऐसे पुसिले नाही. दिनेशराव त्या अंगठ्यांकडे पाहत राहिले, मग त्यांनी मान सरळ केली, आणि नेटवर्क गेले ते जाऊ दिले.

"मॅडम," ते म्हणाले, "ते कचेरीचं काय ठरलं?"

रीताबाईंच्या मुठीत तीन चिंचोके होते. त्यांनी फर्मावले, "मी इथंच राहीन, सर. उद्या चौथीचा भागाकार आहे. माहिती पाठवीन, पण शाळा सुटल्यावर. तोवर फोन तांदळात राहील." हे ऐकून दिनेशराव रागावतील ऐसे सर्वांस वाटले. पण ते पडवीतून आत, चटईवर पसरलेल्या चिंचोक्यांकडे पाहत होते. म्हणाले, "मी पण आधी पाचवीला गणितच शिकवत होतो, मॅडम." आणि टोपी झटकून डोक्यावर घातली, आणि तांदळातल्या फोनाविषयी पुढे कधीच काही बोलले नाहीत.

मग करपलेल्या खिचडीची पंगत बसली. वरची खिचडी मुलांनी खाल्ली, मधली वनखात्याने, आणि बुडाची खरवड दिनेशरावांनी मागून घेतली. बुधरीने दोनदा वाढून घेतले.

पंगत उठल्यावर बाईंनी मूठ उघडिली आणि लूट वाटावयास घेतली, की लढाईची लूट एकट्याने ठेवणे सेनापतीस शोभत नाही. एक चिंचोका आशाबाईंस दिल्हा, त्यांनी तो पदराच्या गाठीत बांधला. एक मोहाखाली वाघदेवाच्या दगडापुढे ठेविला. एक स्वतः ठेवून घेतला, तो अद्याप बाईंच्या खडूंच्या पेटीत आहे, ज्यास पाहणे असेल त्याने जाऊन पाहावा. बुधरी हे सारे बाजूस उभी राहून बोटांवर मोजीत होती. तिने मान डोलावली आणि अवघ्या आवारास ऐकू जाईल ऐशा आवाजात हिशेब जाहीर केला, "तीन चिंचोके, तिघाइले. बाकी शून्य, बाई!"

तेच येथे नोंदविले. पुढे लिहावयास काही उरले नाही, म्हणोन लेखणी ठेविली.